नव्या सुराला कोल्हापुरात जागा हवी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राख निवायच्या आत गावाने एकमुखाने मागणी केली: होतं तसंच उभारा. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली ती वास्तू, आणि तिला लागूनच खासबागचं मैदान. एका भिंतीच्या अलीकडे गाणं आणि पलीकडे कुस्ती, असा शेजार दुसऱ्या कुठल्या शहराच्या वाट्याला आला असेल असं वाटत नाही. त्यामुळे दगड, छप्पर, रंगमंचाचा घाट यांच्या बाबतीत ‘होतं तसंच’ ही मागणी मला पूर्ण मान्य आहे.

पण वास्तूबद्दल बोलता बोलता आपण तीच अट आत घडणाऱ्या कलेलाही घालायला लागलो आहोत. नाट्यसंगीत होतं तसंच, ख्याल होता तसाच, पोवाडा होता तसाच. वेगळं काही करू पाहणाऱ्या मुलाला ‘आधी जुनं तरी नीट शिक’ असं सांगून घरी धाडायचं. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. कोल्हापूरला आज संगीतातल्या प्रयोगाची निकड आहे, आणि ती एकट्या संगीतापुरती नाही. इथलं चित्र, नाटक, सिनेमा पुन्हा अंग झटकून उभे राहायचे असतील तर आधी कानावर नवं काही पडायला हवं. गेल्या सव्वाशे वर्षांत, इथे आणि जगातही, असंच घडत आलेलं आहे.

सुरुवात घरापासूनच करू. अल्लादियाखाँसाहेबांचं नाव कोल्हापुरात निघतं ते परंपरेचा कळस म्हणून. फोटोला हार घातला जातो, घराण्याच्या शुद्धतेवर भाषणं होतात. त्यांच्या आयुष्यात काय घडलं ते मात्र बाजूला राहतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या धृपद-धमार. तरुणपणी अमलेटा या लहान संस्थानाच्या दरबारात बेसुमार गावं लागल्यामुळे आवाज बसला. बऱ्याच काळाने तो परत आला, पण पूर्वीचा गोडवा आणि चपळाई घेऊन आला नाही. गवई संपला असं म्हणण्याची ती वेळ. खाँसाहेबांनी काय केलं? जो आवाज हाती उरला होता त्याचं वजन, त्याची जाडी, त्याचा दमसास यांना शोभेल अशी गायकीच नव्याने बांधली. धृपदातली लयीची करडी शिस्त ख्यालात आणली. तान मात्रेवर न आदळता दोन मात्रांच्या मधल्या फटीतून वळसे घेत जाऊ लागली. सरळ चढणं-उतरणं सोडून ती वाकडी झाली, आणि त्या वाकडेपणालाच डौल आला. बसंती केदार, खट, संपूर्ण मालकंस यांसारखे जोड आणि अनवट राग मैफलीच्या मध्यावर आले. ज्याला आपण आज जयपूर-अत्रौलीची अस्सल गायकी म्हणतो ती अशी एका माणसाच्या हयातीत, एका अडचणीतून, जाणूनबुजून घडवलेली आहे. तिचा काळ आणि युरोपातल्या आधुनिक संगीताचा काळ एकच आहे. खाँसाहेब १८५५ चे. १८९५ च्या सुमारास ते शाहू महाराजांच्या पदरी आले आणि १९२२ साली महाराज जाईपर्यंत इथले दरबार गायक होते.

पदरी असणं म्हणजे काय, हे आजच्या काळात नीट समजून घेतलं पाहिजे. दरबारी मान, बिदागी, शालजोडी या त्यातल्या वरवरच्या गोष्टी. उद्याच्या बैठकीला किती माणसं येतील, त्यांना हे रुचेल का, याची धास्ती न बाळगता रोज रियाजाला बसता येणं, ही त्यातली खरी गोष्ट. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांनी ही विद्या कोल्हापुरात पुढे दिली. मल्लिकार्जुन मन्सूर, धोंडूताई कुलकर्णी यांच्यापर्यंत ती पोचली. तोवर प्रयोगाची परंपरा झाली होती.

आता त्याच काळातलं त्याच गावातलं दुसरं घर पाहा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत. चित्र टांगून ठेवायचं असतं, पण नाटकाचा पडदा गाण्याच्या मागे असतो. पद रंगलं, वन्स मोअर मिळाले, तर प्रेक्षकांची नजर त्याच महालावर, त्याच अरण्यावर कितीतरी वेळ खिळून राहणार. चित्र किती वेळ पाहिलं जाणार आहे याचा हिशेब करायला लावणारी ही कामगिरी होती, आणि माझा तर्क असा की सिनेमाची जाण त्यातूनच आली. सिनेमा म्हणजे तरी वेळेच्या हिशेबाने लावलेली चित्रंच. बाबूरावांनी स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल १९२९ मध्ये याच गावात प्रभात काढतात. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र होतात गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. टेंबे म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्याचे वेडे, गायक भास्करबुवा बखल्यांच्या तालमीतले, हार्मोनियमवर असामान्य हात असलेले. १९११ साली ‘मानापमाना’ला चाली देताना त्यांनी साकी-दिंडीला सरावलेल्या मराठी कानाला ठुमरी-कजरीच्या वळणाच्या पूरब बाजाच्या चाली ऐकवल्या. तेही त्या काळी धाडसच होतं. आज त्याच चालींना आपण जुनं सोनं म्हणतो.

हा धागा थोडा पुढे नेतो, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रभात पुण्याला गेल्यावर १९३७ साली ‘कुंकू’ आला. संगीतकार केशवराव भोळे. बोलपट म्हणजे सतत वाजणारा वाद्यमेळ, असं समीकरण झालेलं असताना ‘कुंकू’त पार्श्वसंगीताला फाटा देऊन घरातले, रस्त्यावरचे, प्रसंगात जे असतील तेच आवाज वापरले गेले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात अडकलेल्या नीराची घुसमट कुठल्याही सारंगीने सांगितली नाही. ती त्या घराच्या आवाजांनी सांगितली. भोळे त्याआधी १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’साठी काम करून आले होते, जिथे नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी ताना-आलापांचा पसारा आवरून नाटकाला सुटसुटीत भावगीत दिलं. रंगभूमीवर गाणं कमी करायचं हा संगीतातला निर्णय होता, पण त्यामुळे बदलला तो नटांचा अभिनय. गाण्यासाठी थांबायचं नाही म्हटल्यावर नटाला प्रसंगात राहावं लागलं. संगीतातला प्रयोग दुसऱ्या कलेवर असाच परिणाम करतो. तो तिला नवा विषय देत नाही. तिची सवय मोडतो.

हेच जगात फार मोठ्या प्रमाणावर घडलं, आणि त्याची एक तारीखही सांगता येते. २ जानेवारी १९११ रोजी म्युनिकमध्ये अर्नोल्ड शोनबर्ग या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या रचनांची मैफल झाली. त्यात त्याचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, होतं आणि पियानोच्या तीन रचना होत्या. शोनबर्ग काय करत होता ते आपल्या परिभाषेत सांगायचं तर त्याने षड्‌ज काढून घेतला. सगळे स्वर ज्याच्याकडे परत येतात असं घरच उरलं नाही; बाराही स्वर सारख्या तोलाचे, आणि विसंवाद सुटायलाच हवा ही सक्ती संपली. श्रोत्यांत वासिली कांडिन्स्की नावाचा चित्रकार होता. काही दिवसांतच त्याने त्या मैफलीचं चित्र काढलं. त्यात पियानोचा एक काळा आकार आहे, काही रेघा श्रोत्यांच्या आहेत, आणि बाकी जवळजवळ सगळ्या कॅनव्हासवर पिवळा रंग लोटलेला आहे. ऐकू आलेला आवाज दिसावा तसा. त्याच महिन्यात त्याने शोनबर्गला पत्र लिहिलं, ओळखदेख नसताना. तुमच्या रचनेतल्या प्रत्येक स्वरावलीला जे स्वतःचं स्वतंत्र आयुष्य आहे तेच मी चित्रात शोधतो आहे, असा त्याचा आशय होता.

चित्रकाराला हे संगीतातच का सापडलं? कारण झाड दाखव, चेहरा दाखव, अशी सक्ती संगीतावर कधीच नव्हती. मारवा रागात सूर्यास्त ‘दिसत’ नाही, तरी संध्याकाळ होते. चित्रकलेला वस्तूचं ओझं उतरवायचं होतं, आणि वस्तूविना उभी असलेली कला तिच्या शेजारी हजारो वर्षं होतीच. पण नुसतं शेजारी असणं पुरलं नाही. त्या कलेने स्वतःचा शेवटचा आधार, म्हणजे षड्‌ज, सोडून दाखवल्यावर चित्रकाराला धीर आला. चित्रकार पॉल क्ले स्वतः व्हायोलिन वाजवणारा होता, त्याने फ्यूगची, म्हणजे एकच धून अनेक आवाजांत एकामागोमाग गुंफणाऱ्या संगीतप्रकाराची, रचना रंगांत मांडली. चित्रकार माँद्रियानने न्यूयॉर्कमध्ये बुगी-वुगी या जॅझच्या जातीच्या पियानोसंगीताचा ठेका ऐकून लाल-पिवळ्या चौकोनांचं चित्र केलं. १९१३ मध्ये पॅरिसला स्त्राविन्स्कीच्या ‘वसंत’ नृत्यनाट्यावर जो गदारोळ उडाला त्यात नाच आणि संगीत दोन्ही दोषी होते. पाय जमिनीवर आपटत नाचण्याची ती रीत त्या ठोक्यांशिवाय सुचणं कठीण होतं.

इथे एक गोष्ट मला कायम छळत आली आहे. कांडिन्स्कीचं चित्र आज पोस्टरवर, वहीच्या मुखपृष्ठावर, दवाखान्याच्या भिंतीवर दिसतं. ज्याला ऐकून ते सुचलं त्या शोनबर्गची रचना ऐकायला आजही जगात मोजकीच माणसं बसतात. चित्र लोकांनी स्वीकारलं, संगीत नाही. असं का झालं? मला वाटतं, याचं कारण वेळेत आहे. न आवडलेल्या चित्रापुढून माणूस दोन पावलांत पुढे जातो. अर्धवट आवडलं तर परत येतो. ऐकणाऱ्याला ही मोकळीक नसते. त्याचा वेळ गायक-वादकाच्या ताब्यात असतो, आणि अनोळखी सुराच्या ताब्यात अर्धा तास देणं हा मोठा विश्वास आहे. तीच माणसं सिनेमागृहात भयपट बघताना तेच विसंवादी, षड्‌ज हरवलेलं संगीत निमूटपणे ऐकतात, कारण तिथे डोळ्यांना आधार असतो. म्हणजे संगीतातला प्रयोग स्वतः मागे राहतो आणि इतर कलांमधून लोकांपर्यंत पोचतो. जो शोधतो त्याला श्रेयही मिळत नाही आणि श्रोतेही मिळत नाहीत. म्हणूनच बाजाराच्या भरवशावर हे काम सोडता येत नाही. चित्रकाराला दालन पुरतं. संगीतातल्या प्रयोगाला एक लहान खोली, थोडी माणसं आणि त्यांचा दिलेला वेळ लागतो, आणि तो कुणीतरी जाणीवपूर्वक राखून ठेवावा लागतो.

‘हे सगळं पाश्चात्त्यांचं, आपला काय संबंध?’ असं इथे हमखास म्हटलं जातं. या आक्षेपाचं उत्तर आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत आहे. तिथल्या तंतुवाद्यांच्या कारागिरांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना कधी बसून पाहावं. पंढरपूर भागातून आलेला भोपळा, त्यावरची तबली, त्यावर घोडी. कारागीर घोडीचा माथा कानसेने हलके घासतो, तार छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, परत घासतो. मग तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा बारीक धागा सरकवतो. धागा केसभर पुढे-मागे झाला की मुका वाटणारा स्वर एकदम उघडतो. एका षड्‌जातून गंधार ऐकू यायला लागतो, जो कुणी वाजवलेलाच नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. पण तो धागा सरकताना जे घडतं त्यावर विसाव्या शतकातल्या पश्चिमेकडच्या संगीताचा एक मोठा भाग उभा आहे, हे आपण आपल्या मुलांना सांगतच नाही.

ती वाट अशी आहे. किराना घराण्याचे अब्दुल वहीदखाँ बारा वर्षांचे असताना शिकायला आले ते कोल्हापुरात, बंदे अलीखाँ बीनकारांचे शिष्य लंगडे हैदरबक्ष यांच्याकडे. पुढे वहीदखाँनी एकेका स्वरावर रेंगाळणारी अतिविलंबित बढत उभी केली. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले, आणि ला माँट यंग, टेरी रायली, मारियन झझीला असे तिथले अगदी पुढच्या फळीतले कलावंत त्यांच्यासमोर शिष्य म्हणून बसले. यंगचे दीर्घ, न संपणाऱ्या स्वरांचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण तो जे चाचपडत शोधत होता ते शास्त्र म्हणून, तालीम म्हणून त्याला प्राणनाथांकडे मिळालं. यंग आणि झझीला यांनी न्यूयॉर्कमध्ये उभारलेलं ‘ड्रीम हाउस’ म्हणजे अखंड वाजणारे स्थिर स्वर आणि झझीलाच्या किरमिजी प्रकाशाने भरलेली खोली. श्रोत्याने नुसतं डोकं हलवलं तरी ऐकू येणारा स्वर बदलतो. ते संगीत आहे, शिल्प आहे की चित्र, हे सांगता येत नाही. शोनबर्गने षड्‌ज काढून घेतला. यंगने षड्‌जाशिवाय बाकी सगळं काढून घेतलं. दोन्ही टोकांना चित्रकार, नर्तक, सिनेमावाले जाऊन भिडले. यंगच्या चमूतला जॉन केल पुढे रॉकमध्ये गेला आणि वेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमार्गे तो लांबलेला स्वर चित्रकार अँडी वॉरहॉलच्या प्रकाश-प्रयोगांपर्यंत पोचला.

दुसरी वाट गुजरातमधून जाते. १९४६ साली संगीताच्या अभ्यासक गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या, त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केजकडून शोनबर्गची पद्धत शिकून घेतली आणि त्याला हिंदुस्थानी संगीत शिकवलं. संगीत कशासाठी, तर मन शांत करून त्याला दैवी प्रभावांसाठी मोकळं करण्यासाठी, हे त्यांच्या गुरूंचं म्हणणं केजने आयुष्यभर उराशी धरलं. त्याच्या पियानोच्या ‘सोनाटा आणि इंटरल्यूड’ रचनांमागे नवरसांचा विचार आहे. १९५२ साली त्याने चार मिनिटं तेहतीस सेकंदांची ती रचना दिली जिच्यात वादक काहीच वाजवत नाही आणि श्रोत्यांना वारा, पाऊस, एकमेकांची चुळबुळ ऐकू येते. तिथे मात्र चित्रकला आधी होती; चित्रकार राउशेनबर्गच्या कोऱ्या पांढऱ्या चित्रांनी आपल्याला धीर दिला असं केज स्वतः सांगत असे. त्याच्या वर्गात बसलेल्या मंडळींनी पुढे ‘हॅपनिंग’ची, म्हणजे प्रेक्षकांना सामील करून घडवलेल्या कलाप्रसंगांची, चळवळ केली. आणि १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर याने मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला, तिथे गीता साराभाई, अतुल देसाई आणि इतर भारतीयांनी रचना केल्या. डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेला ध्वनीचा स्टुडिओ हवा वाटला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मराठीतही याची फळं आहेत. मर्ढेकरांनी सौंदर्याचा सिद्धान्त मांडायला घेतला तेव्हा त्यांना आधार सापडला तो लयीत: संवादलय, विरोधलय, समतोललय. कविता असो वा चित्र, त्यातल्या घटकांचं नातं ते लयीच्या भाषेत बोलू लागले. आकाशवाणीत काम करणारा, संगीतिका लिहिणारा हा कवी. त्याच्या ओव्या-अभंगांत यंत्रांचा खडखडाट शिरला तो उगीच नव्हे. कुमार गंधर्व सुळेभावीचे, म्हणजे आपल्या हाकेच्या अंतरावरचे. क्षयाने अंथरुणाला खिळल्यावर देवासला माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकता ऐकता त्यांना लोकधुनेत रागाचं मूळ दिसलं, आणि १९५३ नंतर जे गाणं बाहेर आलं त्यातल्या तुटक फेका आणि मधले थांबे चित्रकारांना, कवींना झपाटून गेले. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, अभंग, लावणी असं सगळं एकात ओवलं. माणसांची ती भिंत लयीवर उघडते, मिटते, झुलते. ते नाटक संगीताने नुसतं सजवलेलं नाही, संगीतावर उभं आहे. दोन वर्षांनी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ने कीर्तनाचा साचाच नाटकाचा साचा केला.

मग कोल्हापुरात अडतंय कुठे? एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो: शास्त्रोक्त गाणं शिकायलाच मुलं येत नाहीत, तंबोरा लावता येणारे कमी झालेत, अशा वेळी असलेलं टिकवायचं की प्रयोग करायचे? ज्यांनी आयुष्य घालवून ही विद्या सांभाळली त्यांच्या तोंडी हा प्रश्न असेल तर त्याला आदरानेच उत्तर द्यायला हवं. माझं उत्तर असं की मुलं येत नाहीत याचं एक कारण हेच आहे. अठरा वर्षांच्या मुलीला आपण सांगतो, हे सगळं पूर्ण झालेलं आहे, तू फक्त वाहून न्यायचं. तिला वाहून न्यायला कुणी सांगितलं तर ती दुसरीकडे जाईल. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज बसल्यावर त्यांनी काय केलं, हे तिला तपशिलात शिकवलं, आणि तुझ्या आवाजाला काय झेपतं ते तू शोध म्हटलं, तर ती रियाजाला जास्त बसेल. प्रयोगाला तालीम कमी लागत नाही. उलट जो षड्‌ज सोडायचा तो आधी पक्का असावा लागतो.

दुसरी गोष्ट तितक्याच ठामपणे सांगतो. बंदिशीखाली ड्रम आणि कीबोर्ड लावला की प्रयोग झाला, ही समजूत नुकसान करते आहे. त्यात स्वराचं, वेळेचं, ऐकण्याचं कुठलंच नातं बदलत नाही; फक्त आवाज वाढतो. आणि आवाज वाढवण्याचं वेड तर आपल्या मिरवणुकांत टोकाला गेलेलं आहे. छाती हादरवणाऱ्या भिंतींपुढे नाचणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. अंगभर ऐकण्याची भूक खरी आहे. पण ती भूक भागवायला या गावात हलगी होती आणि आहे. खासबागेत कुस्ती लागली की हलगीवाल्याकडे बघा. शेकोटीवर शेकून चामडं ताणलेलं, एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्या हातात लवचिक काडी, आणि नजर मात्र हलगीवर नसतेच. ती पैलवानांच्या मानेवर, पायांवर. पकड बसली की ठेका आखडतो, जोड सुटली की पसरतो, डाव पडायच्या आधीच्या त्या क्षणाला हलगीच्या जोडीचं घुमकं दबा धरून राहतं. केज आणि नर्तक मर्स कनिंगहॅम यांनी नाच आणि संगीत मुद्दाम वेगवेगळं रचलं आणि प्रयोगाच्या वेळीच एकत्र आणलं. आमचा हलगीवाला दुसऱ्या टोकाला उभा आहे: त्याचं संगीत शरीराकडे बघून तिथल्या तिथे तयार होतं. या दोन रीती समोरासमोर ठेवून काम करावं असं एखाद्या नर्तकाला, संगीतकाराला वाटलं, तर त्यासाठी जगात खासबागेइतकी योग्य जागा नाही. कळंब्यापासून कसब्यापर्यंत हलगीवाले आहेत. त्यांना मिरवणुकीत आणि मैदानात बोलावतात, कला म्हणून सभागृहात कुणी बसवत नाही. यात जातीचा वाटा आहे आणि तो नाकारून चालणार नाही. तंबोरा आणि हलगी एका खोलीत आले तर तो सुरांचा प्रयोग असेलच, शिवाय शाहू महाराजांच्या गावाला शोभेल असाही असेल.

म्हणून मागणी. नाट्यगृह महापालिकेचं आहे. ते पुन्हा सुरू होईल तेव्हा वर्षातल्या बारा संध्याकाळी संगीतातल्या नव्या, अपुऱ्या, अजून न जमलेल्या कामासाठी राखून ठेवाव्यात. मोठं सभागृहच हवं असं नाही. तालमीची खोली असली तरी चालेल, साठ-सत्तर माणसं जमिनीवर बसतील. ध्वनिवर्धक शक्यतो नको. एकच अट असावी: संगीतकाराबरोबर दुसऱ्या कलेतलं कुणीतरी त्या संध्याकाळी तिथे काम करत असलं पाहिजे. कलानिकेतन, दळवीज या कलासंस्थांमधले विद्यार्थी, विद्यापीठाच्या संगीत-नाट्यशास्त्र विभागातली मुलं, इथे लघुपट करणारी पोरं, पेठांतल्या तालमींचे हलगीवाले. देवल क्लबसारख्या जुन्या संस्थेने आपली जाणती माणसं त्यात घालावीत, निवाडा करायला नव्हे, सोबत बसायला. कलावंतांना मानधन हवंच, आणि ते तिकिटांवर अवलंबून नसावं. बारापैकी नऊ संध्याकाळी फसतील. म्युनिकच्या त्या मैफलीतही उठून गेलेले लोक असतीलच, आणि त्यांची नाराजी खोटी नव्हती.

यासाठी वेगळी इमारत लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. अशा बारा संध्याकाळींना नाममात्र भाडं, असा ठराव सभागृहाने करायचा आणि भाड्याच्या तक्त्यात एक ओळ वाढवायची. ती ओळ नाट्यगृह उघडण्याआधी यावी, कारण एकदा तारखांची वही लग्नाच्या बैठकी, सत्कार आणि व्यावसायिक नाटकांनी भरली की मधली तारीख मागायला येणाऱ्या पोराला कारकून वही दाखवणार, आणि त्यात त्याची चूक असणार नाही.